अंदाज आणि टेप: ट्रायल्स सायकलच्या उड्यांच्या नोंदी

२ जून २०२४

आज सुरुवात केली. भोसरीला भावाच्या शेडमागं मोकळी जागा आहे, तिथं आठ लाकडी पॅलेट आणून चार-चारच्या दोन थप्प्या लावल्या. उंची टेपनं ५६ सेमी, म्हणजे माझ्या गुडघ्याच्या जरा वर. दोन थप्प्यांच्या मधली मोकळी जागा म्हणजे गॅप, एकीवरून दुसरीवर जायचं, जमिनीला न लागता.

चार वर्षं ट्रायल्स करतोय, म्हणजे पाय न टेकता सायकलनं अडथळ्यांवरून उड्या मारत जायचा खेळ, आणि कुणीही विचारलं की "हे जाणार हे तुला आधी कसं कळतं" तर माझं उत्तर एकच, "कळतं रे". मला ते उत्तर आता पुरत नाही. कळतं म्हणजे नक्की काय कळतं, डोळ्याला कळतं का पायाला, आणि कधी चुकतं, हे सहा महिने लिहून काढायचं ठरवलंय.

पद्धत अशी. मी पाठ करून उभा राहायचं, भाचा गॅप कमीजास्त करणार. मग मी तीन मीटरवरून बघून दोन गोष्टी मोठ्यानं सांगायच्या, एक म्हणजे किती सेमी, दुसरं म्हणजे जातंय का नाही. भाचा वहीत लिहिणार, मग उडी, मग टेप. टेप शेवटी, कारण आकडा आधी कळला की डोळा लबाडी करतो.

ज्यांनी ही सायकल बघितली नाही त्यांच्यासाठी, हिला सीट नसते कारण बसायचंच नसतं. गिअर एकच, तोही हलका. मागचा ब्रेक असा पकडतो की चाक जागच्या जागी खिळतं आणि तुम्ही फक्त मागच्या चाकावर उभे राहून टुणटुण उड्या मारत तोल धरू शकता. गॅपसाठी मागचं चाक कडेला आणायचं, ब्रेक सोडायचा आणि त्याच क्षणी पुढच्या पायानं पेडल दाबून अख्खं अंग पुढं फेकायचं. याला पेडल-किक म्हणतात. उतरताना परत मागच्याच चाकावर, ब्रेक दाबलेला, गुडघे वाकलेले.

९ जून

दोन रविवार मिळून ४० गॅप झाले. आकड्यांचा अंदाज वाईट आहे, १५-२० सेमी इकडे तिकडे, १४० च्या गॅपला मी १२० म्हणालो, ९५ ला ११०. पण "जातंय / नाही" मध्ये ४० पैकी ३६ बरोबर. त्याच डोळ्यानं बघितलं, त्याच जागेवरून बघितलं, आकडा चुकला आणि निर्णय बरोबर आला. भाच्याला वाटलं मी आकडे मुद्दाम चुकवतोय.

यावर १९८४ चा विल्यम वॉरनचा प्रयोग चपखल बसतो. त्यानं उंच आणि बुटक्या लोकांना वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या दाखवल्या आणि विचारलं, हात न लावता यातली कुठली चढाल. सेंटिमीटरमध्ये दोघांची हद्द वेगळी आली, पण तीच उंची ज्याच्या त्याच्या पायाच्या लांबीनं भागली तर दोघांची ०.८८ च्या आसपास. म्हणजे माणूस पायरीकडे बघताना सेंटिमीटर बघतच नाही, पायरी आणि आपला पाय यांचं नातं बघतो. माझंही तेच होत असणार, फक्त पायाच्या जागी पाय अधिक सायकल.

१६ जून

बाबा शेडवर आले होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "किती आहे रे हे?"

"सव्वाशे असेल बाबा."

"सव्वाशे काय ते मला नको सांगू. दोन दांडू आणि वर चार बोटं."

टेप लावला, १२८. मी विचारलं तुमचा दांडू केवढा होता, त्यांनी हात पसरून दाखवला, तो मोजला तर ६० सेमी. दोन दांडू १२०, चार बोटं सात-आठ, बरोब्बर १२८. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं.

मग त्यांनी गावची विटी-दांडूची पद्धत सांगितली. विटी लांब गेली की मारणाऱ्यानं दांडू मागायचे, म्हणजे इथून तिथपर्यंत इतके दांडू भरतील असं नुसतं बघून सांगायचं. समोरच्याला पटलं तर तेवढे गुण, नाही पटलं तर दांडूनं मोजायचं, आणि मागितलेले भरले नाहीत तर मारणारा बाद. कमी मागितले तर नुकसान, जास्त मागितले तर डाव गेला. रोज संध्याकाळी हे केलेल्या पोराची नजर तयार होणारच, कारण प्रत्येक अंदाजाला लगेच उत्तर मिळतंय आणि चुकीची किंमत पण मोजावी लागतेय.

आता सेंटिमीटर बंद. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर ९८ सेमी आहे, यापुढं गॅप सायकलमध्ये सांगणार. एक सायकल, सव्वा, दीड. आजचे शेवटचे दहा असे केले, त्यातले आठ पाच सेमीच्या आत आले. माझं चार वर्षांचं माप हेच होतं आणि मी उगाच शाळेतल्या पट्टीत भाषांतर करत बसलो होतो!

३० जून

पाऊस. पॅलेट ओली, लाकूड काळं पडलंय, टायरला चिखल. सव्वा सायकलचा गॅप, "जातंय" म्हणालो, गेला नाही. अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही, किक मारतानाच मागचं चाक कडेवर पाच सेमी घसरलं आणि निम्मी ताकद तिथंच गेली. उतरताना ब्रेक पण उशिरा धरला.

माझ्या डोळ्याला कोरड्या लाकडाची सवय आहे, ओलं लाकूड त्याला वेगळं दिसतच नाही. हे डोळ्याचं कामच नसावं बहुतेक. आता ओल्यात आधी थप्पीवर नुसतं चढून मागच्या चाकावर पाच-सहा उड्या मारतो, टायर किती पकडतंय ते तळव्यांना कळतं, मग गॅपकडे बघतो. हे केल्यावर तोच गॅप मला "कदाचित" वाटायला लागला. दिसायला पण मोठा दिसतो, खरंच.

रिमवर ग्राइंडर फिरवून बारीक ओरखडे काढले. ट्रायल्सवाले हे नेहमीच करतात, गुळगुळीत रिमवर ब्रेकचं पॅड ओल्यात सरकतं, खरबरीत रिमवर चावतं. आवाज कर्कश येतो पण तो आवाज आला की भरवसा वाटतो.

१४ जुलै

पडलो. नीट लिहितो कारण या वहीतली सगळ्यात कामाची नोंद हीच असेल.

गॅप दीड सायकल, १४७. कोरडा दिवस, पॅलेट वाळलेली. याच्याआधी हा गॅप अकरा वेळा गेलाय. मी "जातंय" म्हणालो. कडेला आलो, मागच्या चाकावर उड्या मारतोय, एक, दोन, तीन, आणि चौथ्या उडीला मनात आलं की जाऊ दे उतरूया. त्याच वेळी पाय पेडल दाबायला निघाला होता. अर्धवट किक बसली. पुढचं चाक समोरच्या थप्पीच्या तोंडावर आपटलं, पेडलवरून पाय सुटला आणि पेडलच्या खिळ्यांनी डावी नडगी वरपासून खालपर्यंत खरवडली. शिन गार्ड पिशवीत होते. हेल्मेट होतं, डोकं आपटलं नाही. पाच टाके.

भाचा घाबरला होता पण त्यानं आधी फर्स्ट एडची पेटी आणली, मग भावाला हाक मारली, मग मोबाइलचं रेकॉर्डिंग बंद केलं. तेरा वर्षांच्या पोराला हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटलं आणि तसं त्याला सांगितलं.

अंदाज बरोबर होता. माझा निर्णय दोन तुकड्यांत झाला होता, एक डोक्यात, एक पायात, आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध.

२५ जुलै

सायकल नाही. टाके आहेत आणि शहरात पाणी भरलंय, खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळं सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये लोक अडकलेत. एक मित्र तिकडेच राहतो, सकाळपासून फोन चालू, तो वरच्या मजल्यावर सुखरूप आहे.

दिवसभर घरात बसून जुन्या स्पर्धांचे व्हिडिओ बघितले. यावेळी उड्या नाही बघितल्या, उड्यांच्या आधीचं बघितलं. सेक्शन, म्हणजे अडथळ्यांचा आखून दिलेला एक टप्पा, सुरू व्हायच्या आधी रायडर पायी फिरून बघतात, सायकल बाहेर ठेवून. ते काय करतात बघा, दगडावर उभे राहतात, बुटानं माती पुसतात, कडेवर टाच दाबून दगड हलतोय का बघतात, मग मागं येऊन गुडघ्यात वाकून परत बघतात, आणि हात पुढं करून हवेतच हँडल धरल्यासारखं करतात. सायकलच्या स्पर्धेत एका सेक्शनला दोन मिनिटं मिळतात, पाय टेकला की दंड, त्यामुळं आत गेल्यावर विचार करायला वेळच नसतो, तो सगळा इथं पायी करून ठेवायचा.

मोटरसायकल ट्रायल्समध्ये तर सोबत एक माणूसच असतो, तो वेळ ओरडून सांगतो, कठीण जागी वर उभा राहतो आणि गाडी मागं आली तर धरतो. तोनी बोऊ या स्पॅनिश रायडरनं २००७ ते २०२३ दर वर्षी इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही जागतिक विजेतेपदं घेतली, आणि तो पण पायी फिरून दगडावर टाच दाबतो. तो हे सोडत नाही तर आपण कुठं सोडणार.

सायकल ट्रायल्स मुळात मोटरसायकल ट्रायल्समधूनच आलं, स्पेनमधल्या कॅटलोनियात. पेरे पी हा माँतेसा मोटरसायकलचा रायडर, त्यानं आपल्या पोराला, ओतला, लहान सायकलवर तेच करायला लावलं आणि पुढं ओत पी स्वतः जगज्जेता झाला. बाप मोटरसायकलवर जे बघून शिकला ते पोरानं सायकलवर आणलं, मला ही गोष्ट फार आवडते.

११ ऑगस्ट

टाके निघून दोन आठवडे झाले. आजपासून सरावाची पद्धत बदलली.

आधी मी एकच गॅप लावून पंचवीस वेळा मारायचो आणि मग पाच सेमी वाढवायचो. बरेच जण असंच करतात. १९७८ चा केर आणि बूथ यांचा एक प्रयोग आहे, आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर फेकायला दिल्या. एका गटानं फक्त ३ फुटांवरून सराव केला, दुसऱ्या गटानं २ आणि ४ फुटांवरून. परीक्षा ३ फुटांवरून. आणि जे ३ फुटांवर कधीच उभे राहिले नव्हते तेच सरस ठरले. एकाच अंतराचा सराव केला की हात ते अंतर पाठ करतो, दोन अंतरांचा केला की अंतर आणि जोर यांचं नातं शिकतो.

तर आता भाचा प्रत्येक उडीनंतर गॅप बदलतो. मोठा, छोटा, मधला, कधी समोरची थप्पी एक पॅलेट खाली. पहिला तासभर फार त्रास झाला, कुठलीच उडी सुंदर येईना, वीसमधल्या सात गेल्या नाहीत (सगळ्या कमी उंचीवर, नुसता पाय टेकला). पण लहान गॅपला पण मी पूर्ण जोर लावून पलीकडे जातोय हे कळलं, म्हणजे माझ्याकडं जोराची एकच पायरी होती. ऐंशी सेमीला ऐंशीचाच जोर लावणं हे दीडशे मारण्यापेक्षा अवघड आहे.

१ सप्टेंबर

स्लो मोशन लावला, सेकंदाला २४० फ्रेम. १४० सेमीच्या गॅपमध्ये मागचं चाक ९४ फ्रेम हवेत होतं, म्हणजे साधारण ०.३९ सेकंद. चाक १४० सेमी गेलं पण माझी कंबर जेमतेम ९५ सेमीच गेली, कारण चाक उचलायच्या आधीच अंग पुढं झुकलेलं असतं आणि हवेत असताना सायकल अंगाखालून पुढं ओढून घेतली जाते. मला चार वर्षं वाटत होतं मी उडतो. मी थोडाच उडतो, सायकलला जास्त पाठवतो.

किक बसल्यानंतर अंग कुठं जाणार ते ठरलेलं असतं, हवेत जोर लावायला काहीच नसतं. हातात राहतं ते फक्त सायकल किती पुढं ओढायची एवढंच. म्हणून निर्णय किकच्या आधी संपलेला पाहिजे.

आणि मग भाच्यानं ते पकडलं. तो व्हिडिओ मागंपुढं करत होता, म्हणाला, "मामा, तू चांगला जातोस तेव्हा कडेला दोनच उड्या मारतोस. पडलास त्या दिवशी चार मारल्या होत्यास."

बसून सगळे व्हिडिओ मोजले. जून पासूनचे. ज्या उड्या स्वच्छ गेल्या त्यात कडेला एक ते तीन छोट्या उड्या, आणि ज्यात काहीतरी बिघडलं त्यात चार, पाच, एकदा सात! मी स्वतः तिथं उभा असताना मला याचा पत्ता नव्हता. तोंडानं "जातंय" म्हणत होतो आणि चाक सांगत होतं की अजून ठरलेलं नाही.

१९८२ मध्ये डेव्हिड ली आणि त्याच्या साथीदारांनी लांब उडीवाल्यांची धाव तपासली होती. धावतानाची बहुतेक पावलं ठराविक पडतात आणि शेवटची काही पावलं डोळ्यानं बघून कमीजास्त होतात, पट्टीवर पाय बरोबर यावा म्हणून. माझ्या कडेवरच्या उड्या हीच ती शेवटची पावलं आहेत. चाक दोन-तीन सेमी पुढं, मागं, सरळ. दोन-तीनमध्ये काम झालं पाहिजे, त्यापुढं जुळवाजुळव संपून शंका सुरू होते.

आजपासून नियम: तिसऱ्या उडीनंतर किक नाही तर सरळ खाली उतरायचं, परत मागं जायचं, परत बघायचं. अपवाद नाही.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. मंडळाचं काम. सायकलला हात नाही.

२२ सप्टेंबर

जवळजवळ तीन आठवड्यांनी चढलो. दीड सायकल "जातंय" म्हणालो, दोन उड्या, किक, आणि चाक कडेच्या चार सेमी आत कसंबसं टेकलं. आधी १२-१५ सेमी आत उतरायचं. डोळा ऑगस्टमधलाच आहे, पाय मात्र मोदक खाल्लेले. दिसताना गॅप लहानच दिसत होता, तेच धोक्याचं.

म्हणून सुट्टीनंतर पहिली पंधरा मिनिटं जमिनीवर. खडूच्या दोन रेघा, किक, चाक कुठं पडलं तिथं खूण, टेप. आज पायात किती आहे ते डोळ्याला सांगायचं, मगच पॅलेटवर चढायचं. दहा-बारा उड्यांत नजर परत जागेवर येते, खरंच तेवढ्याच लागतात.

१३ ऑक्टोबर

भाच्याची स्वतःची सायकल सुरू केली, जुनी २० इंची ट्रायल्स. काल दसऱ्याला तिला हार घातला होता. जमिनीवर खडूच्या रेघा, उंची शून्य. त्याचा जास्तीत जास्त ६५ सेमी जातोय पण "जातंय" तो ९० ला पण म्हणतो. त्याला मी खोडून काढत नाही, म्हणतो मार, मग टेप. आज पंचवीस वेळा मारून शेवटी एका रेघेकडे बघून स्वतःच म्हणाला, "हे नाही मामा." मोजलं, ७२. मला इतका आनंद झाला की मी त्याला उचलून घेतलं.

त्याच्या सायकलचा पुढचा फ्रीव्हील (पेडल दाबल्यावर पकड घेणारा दातेरी भाग) झिजला होता तो बदलला. साध्या सायकलमध्ये पेडल दाबल्यावर दात पकडेपर्यंत पेडल १५-२० अंश रिकामं फिरू शकतं, ट्रायल्सच्या १०८ पकडींच्या फ्रीव्हीलमध्ये ते ३.३ अंशांच्या वर जात नाही. किकच मुळात पाव फेरीची, त्यातले वीस अंश हवेत गेले तर अंदाज बसणार कसा, दर वेळी वेगळं उत्तर येणार. पोरानं स्वतःला दोष देत बसण्याआधी सायकल दर वेळी सारखं वागतेय ना हे आपण बघायला हवं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ओवाळून झाल्यावर ताई, म्हणजे भाच्याची आई, म्हणाली, "खरं सांग, हा पडणार ना कधीतरी?"

मी म्हणालो, "पडणार. पण कमी उंचीवरून, हेल्मेट आणि गार्ड घालून, आणि मी समोर असताना."

ती गप्प बसली. मग तिनं वही मागितली, सगळी वाचली, १४ जुलैच्या पानावर थांबली. नंतर म्हणाली, "तिसऱ्या उडीचा तो नियम त्याला पण आहे ना?" मी हो म्हणालो. "मग ठीक आहे." तिनं वहीच्या कव्हरवर त्याचं पण नाव घातलं.

१७ नोव्हेंबर

पॅलेट संपली, आता दगड. मावळात एका ओळखीच्यांच्या शेताकडेला ओढा आहे, पाणी आता घोट्याएवढं, काळ्या बसाल्टचे मोठे धोंडे. परवानगी काढून गेलो. शेवाळ उन्हाळ्याआधी पूर्ण जाणार नाही, म्हणून फक्त उन्हात वाळलेले निवडले.

दोन धोंडे निवडले, मधला गॅप सव्वा सायकलच्या वर, दीडच्या आत. पायी फिरलो, वर उभा राहिलो, बुटानं वाळू पुसली. "जातंय" म्हणालो. कडेला आलो, एक, दोन, तीन, उतरलो. परत. एक, दोन, तीन, उतरलो. तिसऱ्यांदा पण तेच. भाचा म्हणाला, "मामा, हा तर पॅलेटवर तू डोळे झाकून मारतोस." टेप लावला, १३८. खरंच माझ्या हद्दीत आहे. तरी पाय निघत नव्हता आणि कारण सांगता येत नव्हतं. घरी आलो.

२४ नोव्हेंबर

रात्री व्हिडिओ बघताना सापडलं. माझ्या प्रत्येक उडीला निघायचा धोंडा हलतोय, एखाद सेमी, जास्त नाही. पायी उभा राहिलो तेव्हा मी मधोमध होतो म्हणून कळलं नाही, चाक कडेवर आलं की तो डुलतो. डोक्याला माहीत नव्हतं, तळव्यांना होतं.

आज पहार घेऊन गेलो. शेतमालक काका पण आले, त्यांनीच खालच्या सापटीत दोन चपटे दगड ठोकून पाचर मारली, तीन टोल्यात धोंडा बसला. मी कडेवर टाच दाबली, भाच्यानं दाबली, काकांनी वर उडी मारून बघितली.

मागं गेलो, बघितलं. एक, दोन, किक.

चाक पलीकडच्या कडेच्या ९ सेमी आत उतरलं, दगडावर टायरची ओली खूण होती ती वाळायच्या आत भाच्यानं मोजली. पुढच्या रविवारी उलट्या बाजूनं, म्हणजे चढावर, उंचीतला फरक २२ सेमी. अजून कडेला आलेलो नाही, नुसतं खालून बघितलंय, सध्या वहीत "कदाचित" लिहिलंय.